आयटी सपोर्ट आणि नेटवर्कसाठी अनुभवी माणूस घ्यायचा आहे : जाहिरात टाकण्याआधी वाचून सांगा

शिरोली_नाका

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आणि कागलच्या फाइव्ह स्टार वसाहतीत मशीन शॉप असलेल्या कंपनीत मी अकाउंट्स आणि अ‍ॅडमिन बघतो. दोन्हीकडे मिळून नव्वदच्या आसपास कॉम्प्युटर. ईआरपीचा (खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) सर्व्हर शिरोलीत, शिवाय टॅली, वजनकाटा, बायोमेट्रिक, कॅमेरे. इतकी वर्षं एक मुलगा आणि वरून एएमसीवाले (वर्षाच्या कराराने देखभाल करणारी बाहेरची कंपनी) असं भागत होतं. मुलगा दिवाळीनंतर पुण्याला गेला. एएमसीवाले फोन उचलतात, पण येतात त्यांच्या सवडीने.

त्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑडिट झालं. ऑडिटरने विचारलं, "सर्व्हर बंद पडला, कुणी व्हायरस घातला, तर तुमची योजना काय?" आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकात आता आपत्कालीन योजनेत सायबर हल्लाही धरावा लागतो. आमच्या फाइलमध्ये आग, वीज आणि संप एवढंच. मालक म्हणाले, चांगला अनुभवी माणूस बघा. मी केलेला मसुदा असा :

"पाहिजे : आयटी सपोर्ट व नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅनालिस्ट. पुरुष उमेदवार. अनुभव ५ ते ८ वर्षे. सीसीएनए (सिस्कोचे नेटवर्किंग प्रमाणपत्र) आवश्यक. सर्व्हर, फायरवॉल, स्विच, वाय-फाय, ईआरपी, टॅली, प्रिंटर, सीसीटीव्ही, बायोमेट्रिक, इंटरकॉम, कंपनीची वेबसाइट व सोशल मीडिया सांभाळता आले पाहिजे. २४ तास फोनवर उपलब्ध. दोन वर्षांचा बाँड. पगार २२ ते २५ हजार."

काय कमी-जास्त करू?

गावठी_पिंग

खंडेनवमीला मशिनींची पूजा कोण करणार ते लिहायचं राहिलं काय ओ? तेपण त्याच्याच गळ्यात घाला. 😀

पॅचकॉर्ड

टोमणा बरोबर बसला आहे. या जाहिरातीत चार जणांची कामं आहेत आणि पगार त्या चारांतल्या सगळ्यात धाकट्याचा आहे. मी हिंजवडीत नेटवर्क बघतो, पण सुरुवात केबल ओढण्यापासून झाली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी पुढचे पंधरा दिवस एक वही ठेवा. कुणाचं काय बंद पडलं, किती वाजता, किती जण अडले, कुणी सुरू केलं. एवढंच लिहायचं. बहुतेक ओळी प्रिंटर, पासवर्ड आणि "स्लो चालतंय" अशा निघतील. त्या कामाला पाच वर्षांचा अनुभव लागत नाही. बीसीएस किंवा डिप्लोमा झालेलं चुणचुणीत पोरगं ते काही महिन्यांत शिकतं. उरलेल्या मोजक्या ओळी अशा असतील की सगळी कंपनी हात बांधून बसली होती. अनुभवी माणसाला पगार द्यायचा तो त्या मोजक्या ओळींसाठी. आणि तो खरोखर चांगला असेल तर त्या ओळी हळूहळू वहीत येणंच बंद होतं. मग वर्षभराने मालक विचारतात, हा दिवसभर करतो काय? मालकांना ते आत्ताच समजावून ठेवा, नाहीतर माणूस टिकणार नाही.

आता मला सांगा, गेल्या सहा महिन्यांत सगळं ठप्प झालं असं काय काय झालं?

अण्णा_७०

मला यात उधळपट्टी दिसते. माझं वर्कशॉप लहान आहे, पण तीस वर्षं चालवतोय. नव्वद कॉम्प्युटरना पगारी इंजिनियर कशाला? एएमसी बदला, दुसरा चांगला पार्टनर बघा. पगारी माणूस म्हणजे पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी, रजा सगळं आलं. आणि शिकला की पुण्याला पळणार, हे तुमच्या मुलाने दाखवलंच आहे.

शिरोली_नाका

@पॅचकॉर्ड, दोन प्रसंग लगेच आठवतात. एकदा इंटरनेट गेलं आणि दुपारभर माल भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या. ई-इनव्हॉइस निघेना, ई-वे बिल निघेना, आणि त्याशिवाय गाडी सोडता येत नाही. दुसरी लाइन घेतलेली आहे, बिलही भरतो, पण एक बंद पडली की दुसरीवर कसं जायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा अर्ध्या लोकांना ईआरपी लागे, अर्ध्यांना लागेना. कॉम्प्युटर बंद-चालू केला की ज्याचा चालत होता त्याचाही बंद पडे. एएमसीवाल्याने सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला. शेवटी कळलं की डिस्पॅच केबिनमध्ये कुणीतरी मोबाइलला वाय-फाय मिळावं म्हणून घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला होता.

@अण्णा_७०, एएमसीवालेच नको असं नाही. पण वरचा दुसरा प्रसंग बघा.

पॅचकॉर्ड

तुमची मुलाखतीची प्रश्नपत्रिका तुम्हीच लिहिलीत.

त्या दिवशी झालं ते असं. घरगुती राउटर स्वतःच येणाऱ्या प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी पत्ता वाटत असतो. त्यालाच डीएचसीपी म्हणतात. तुमच्या नेटवर्कवर पत्ते वाटणारा एक आधीच होता. आता दोन झाले. कॉम्प्युटर सुरू होताना हाक मारतो, "मला पत्ता द्या," आणि जो आधी ओ देईल त्याचा पत्ता घेतो. ज्यांना राउटरने दिला ते भलत्याच गल्लीत जाऊन बसले. तिथून ईआरपी दिसणार कसा? म्हणूनच रीस्टार्ट केलेल्या चालू कॉम्प्युटरचाही बळी जात होता. सर्व्हर बिचारा पहिल्यापासून ठीक होता.

उमेदवार समोर बसला की हा प्रसंग त्याला लक्षणांपुरता सांगा. राउटरचं नाव काढू नका. मग गप्प बसा आणि तो काय विचारतो ते ऐका.

कच्चा माणूस लगेच उपाय सांगतो : अँटीव्हायरस मारा, फॉरमॅट करा, स्विच बदला. मुरलेला माणूस आधी विचारतो, कुणाकुणाचं बंद आहे? एकाच विभागातले की सगळीकडचे? कधीपासून? काल-परवा कुणी नवीन काय जोडलं? मग म्हणेल, एक चालणारा आणि एक न चालणारा कॉम्प्युटर शेजारी ठेवा, दोघांचे आयपी पत्ते आणि गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) बघू. इथवर आला की निम्मी मुलाखत झाली. पुढे विचारा, परत असं होऊ नये म्हणून काय कराल? मॅनेज्ड (म्हणजे सेटिंग करता येणाऱ्या) स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करतो, म्हणजे नेमून दिलेल्या पोर्टशिवाय दुसरीकडून कुणी पत्ते वाटायला लागला तर स्विचच त्याला अडवतो, असं उत्तर आलं तर पुढच्या फेरीला बोलवा. कुणी म्हणेल, "आधी डिस्पॅचवाल्यांना वाय-फाय का लागलं ते बघू, ते नीट दिलं तर राउटर आणणारच नाहीत," तर त्याला चहा पाजा आणि पगाराचं बोला.

सीसीएनए आवश्यक असं लिहू नका. "असल्यास प्राधान्य" पुरे. प्रमाणपत्राने सबनेट मोजता येतो एवढं कळतं. सगळी कंपनी डोक्यावर उभी असताना हा माणूस शांत राहतो का, ते त्यातून कळत नाही.

तीनची_पाळी

मी फाउंड्रीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे (दुसऱ्या कंपनीत). ऑफिसात नेटवर्क केलेला माणूस थेट फाउंड्रीत आणाल तर पहिला महिना त्याला काही सुधरणार नाही. इंडक्शन फर्नेसच्या पॅनलशेजारून, पॉवर केबलच्या ट्रेमधूनच नेटवर्कची केबल नेलेली मी कितीदा तरी बघितली आहे. फर्नेस चढली की नेट अडखळतं, फर्नेस बंद असली की झकास. मग माणसं म्हणतात, रात्री नेट चांगलं चालतं! काळी धूळ स्विचच्या पंख्यात बसते ती वेगळीच.

मुलाखतीला आलेल्याला एकदा शॉपफ्लोअरवरून फिरवा. मान वर करून केबल कुठून गेल्यात ते बघतो का, अर्थिंगचं विचारतो का, रॅक कुठे आहे म्हणतो का. खिशात हात घालून नुसता चालत राहिला तर काय ते समजा.

आणि दोन शेडमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल तर ती काढून फायबर टाका. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, वळवाच्या पावसात वीज पडली की दोन्हीकडचे स्विच एकदम जातात. फायबरमधून करंट जात नाही, विषय संपला. शिवाय तांब्याची केबल शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, आणि फाउंड्रीत शंभर मीटर काहीच नाहीत.

पॅचकॉर्ड

@तीनची_पाळी, सोन्यासारखा प्रतिसाद. फिरवून आणण्याची परीक्षा मला सुचली नव्हती.

कोल्ड_आयल

मी नवी मुंबईत डेटा सेंटरमध्ये नेटवर्क ऑपरेशन्सला आहे. बाई आहे आणि रात्रपाळ्याही केल्या आहेत. "पुरुष उमेदवार" कशासाठी? स्विचला कळतं का कॉन्फिगरेशन कुणी केलं ते?

शिरोली_नाका

ताई, गैरसमज नको. कधी रात्री-बेरात्री बोलवावं लागतं, शेडमध्ये शिडीवर चढावं लागतं, आणि वसाहतीत रात्री वाहन मिळत नाही. तेवढ्यासाठीच लिहिलं होतं.

कोल्ड_आयल

मग तेच लिहा ना! "गरज पडल्यास रात्री यावे लागेल, कंपनी गाडी पाठवेल. उंचीवर काम करावे लागेल." ज्याला जमेल तो अर्ज करील, जिला जमेल ती करील. रात्री वाहन मिळत नाही ही अडचण पुरुषालाही आहेच, त्याची गाडी पंक्चर होत नाही काय? आणि भरतीत बाई-पुरुष असा भेद करायला १९७६च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. तुमच्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटरच्या हाती ही जाहिरात पडली तर तो यावरही बोट ठेवील.

दुसरा मुद्दा. शिवाजी विद्यापीठातून बीसीएस, एमसीए झालेल्या, पुण्यात काही वर्षं काम करून लग्नानंतर किंवा घरच्या आजारपणामुळे कोल्हापूर-सांगलीकडे परतलेल्या माझ्याच ओळखीत तिघी-चौघी आहेत. तिकडे त्यांच्या अनुभवाचं काम मिळत नाही म्हणून क्लास घेतात. तुम्हाला टिकणारा माणूस हवाय ना? तुम्ही एका शब्दात त्यांना दारातून परत पाठवलंत.

निळीशाई

एचआरमधली म्हणून बोलते. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस असते. आज निवडलेला माणूस तुमच्याकडे तीन महिन्यांनी येईल आणि तेवढ्या काळात त्याला दुसरी ऑफर आलेली असेल. तुमचा खरा उमेदवार म्हणजे गावाकडे परत यायची इच्छा असलेला, आईवडील इथे असलेला, मुलांच्या शाळेचा विचार करणारा. त्याला पुण्याचा पगार देऊ नका, पण पुण्याच्या निम्म्यानेही तो येणार नाही.

बाँड काढून टाका. चांगला माणूस बाँड वाचून पान उलटतो. ज्याला दुसरीकडे कुणी घेत नाही तो सही करतो. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची पद्धत तुमच्याकडे असेल तर तीही बंद करा.

गावठी_पिंग

आता थोडं गंभीर. मी इचलकरंजीचा, सध्या एका सपोर्ट कंपनीत. असल्या जाहिराती रोज बघतो म्हणून सांगतो.

"२४ तास उपलब्ध" हे वाचलं की आम्हाला काय दिसतं? जेवताना मालकाच्या चुलतभावाचा फोन, "घरचं वाय-फाय चालंना, जरा ये." माझ्या आधीच्या ठिकाणी साहेबांच्या मुलीचा लॅपटॉप, साहेबांच्या मेहुण्याचा प्रिंटर, सगळं माझ्याकडे. नेटवर्क शिकायला वेळच नाही. पगार बावीस आणि पद मोठं.

आणि अनुभव ५ ते ८ म्हणता, पण काही ठिकाणी आठ वर्षं म्हणजे एकच वर्ष आठ वेळा. हार्डडिस्क बदल, टोनर बदल, फॉरमॅट मार. त्या माणसाने व्हीलॅन (एकाच स्विचवर नेटवर्कचे वेगळे कप्पे) कधी केलेला नसतो, कारण अनमॅनेज्ड स्विचवर करणार काय?

लीड्सचा_पाऊस

इकडे इंग्लंडात बरीच वर्षं सपोर्ट डेस्क चालवतोय, मूळ गाव सांगली. २४ तासांबद्दल एवढंच सांगतो : कुठल्या कारणासाठी रात्री फोन करायचा याची यादी करा. उदाहरणार्थ, दोन्ही लाइन बंद, ईआरपी बंद, फायली आपोआप उघडेनाशा झाल्या. बस्स. प्रिंटर सकाळी. रात्री फोन आला तर वेगळा भत्ता, आणि रात्री काम केलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा यायची मुभा. आणि एकटा माणूस वर्षातले सगळे दिवस पुरत नाही. तो लग्नाला जाईल, आजारी पडेल. तेव्हा अण्णांचा मुद्दा कामाला येतो, एएमसी ठेवा, पण तुमच्या माणसाच्या हाताखाली. एएमसीवाल्याला काय सांगायचं आणि त्याने केलेलं काम नीट आहे का, हे बघायला जाणता माणूस आत लागतो.

पॅचकॉर्ड यांच्या वहीच्या जागी पुढे जीएलपीआयसारखं फुकट मिळणारं तिकीट सॉफ्टवेअर बसवता येईल. पण वहीपासून सुरुवात उत्तम. लोकांना फोन करून ओरडायची सवय असते, ती एका दिवसात जात नाही.

अण्णा_७०

हे पटलं. मालकाला कसं पटवायचं ते बघा.

मांडवीकाठ

मी गोव्यात, वेर्ण्याच्या वसाहतीतल्या एका कारखान्याचं आयटी बघते. (नेटवर्कच्या सामानाच्या डी-लिंकची भारतातली कंपनी वेर्ण्यालाच नोंदलेली आहे, हे आमच्याकडच्यांनाही ठाऊक नसतं. असो, विषयांतर.)

@शिरोली_नाका, नवीन माणूस येण्याआधी एक विचारते. गेलेल्या मुलाकडून फायरवॉलचा पासवर्ड घेतलात का? कंपनीचं डोमेन कुणाच्या नावावर आहे? सर्व्हरचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्ड किती जणांना माहीत आहे? कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर मालकांना मोबाइलवर दिसतो ना, तो कसा दिसतो? पोर्ट उघडून ठेवला असेल आणि पासवर्ड बॉक्सवर छापलेलाच असेल, तर मालकांबरोबर आणखी कोण बघतंय देव जाणे.

मी इथे आले तेव्हा डोमेन एका जुन्या वेबसाइटवाल्याच्या ईमेलवर होतं. रिन्यू करायची वेळ आली आणि तो फोन उचलेना. सगळ्यांचे ईमेल त्याच डोमेनवर. आठवडाभर जीव टांगणीला.

शिरोली_नाका

@मांडवीकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच चौकशी केली. फायरवॉलचा पासवर्ड त्या मुलाकडेच आहे. तो देतो म्हणाला, चांगला आहे तो. डोमेन एएमसीवाल्यांच्या नावावर निघालं. नेटवर्कचा नकाशा नाही. सर्व्हरचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला आहे, म्हणजे सगळ्यांनाच माहीत.

पॅचकॉर्ड

म्हणजे नव्या माणसाचं पहिल्या तिमाहीचं काम ठरलं. जाहिरातीत तेच लिहा. अनुभवी माणसाला यादीतली वीस उपकरणं वाचून काही वाटत नाही. "पहिल्या तीन महिन्यांत दोन्ही जागांचा नकाशा, सगळे पासवर्ड कंपनीच्या ताब्यात, एक लाइन गेली तर दुसरी आपोआप सुरू, आणि बॅकअप परत उतरवून दाखवणे" असं वाचलं की त्याला कळतं इथे खरं काम आहे.

बॅकअपचं विचारायचं राहिलं. कुठे घेता?

शिरोली_नाका

रोज रात्री, सर्व्हरशेजारच्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर). आठवड्याला एकदा पेनड्राइव्हवर, तो माझ्या ड्रॉवरमध्ये.

पॅचकॉर्ड

आणि तुमचा ड्रॉवर त्याच इमारतीत! २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला तेव्हा शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. तुमची शिरोली नदीच्या अलीकडे, कोल्हापूर शहर आणि कागल पलीकडे. बॅकअपची एक प्रत कागलला ठेवा, निसर्गाने तुम्हाला दुसरी जागा नदीपलीकडे देऊन ठेवली आहे. आणखी एक प्रत क्लाउडवर, तीही अशी की नेहमीच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पासवर्डने पुसता येणार नाही. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला की आधी बॅकअप शोधतो. एनएएस त्याच नेटवर्कवर असेल तर सर्व्हरबरोबर तेही जातं.

मुलाखतीत हे जरूर विचारा : "शेवटचा बॅकअप कधी परत उतरवून बघितला? किती वेळ लागला?" बॅकअप घेतो असं सगळेच म्हणतात. उतरवून बघितलेला माणूस वेळ सांगतो, काय अडलं ते सांगतो, बोलताना थोडा वैतागतो. त्या वैतागावरून ओळखा.

पुराचा आणखी एक धागा. माणूस शहरात राहणारा असेल तर पुरात तो शिरोलीला पोहोचणार नाही. म्हणून बाहेरून सुरक्षित कनेक्शनने, म्हणजे व्हीपीएन आणि मोबाइलवरच्या दुसऱ्या कोडने, काम करता आलं पाहिजे. कुणीही रिमोटचं फुकट सॉफ्टवेअर टाकून उघडं ठेवायचं नाही.

कोल्ड_आयल

यावर भर घालते. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे पंच्याऐंशी लाख विंडोज यंत्रं बसली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, आठवतंय? बरीच यंत्रं रिमोटने उठत नव्हती, कारण ती पूर्ण सुरूच होत नव्हती. तिथे सपोर्टवाली पोरं एकेका यंत्रापाशी जाऊन सेफ मोडमध्ये फाइल पुसत बसली. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं तिथे आधी त्याची रिकव्हरी की शोधा. ज्यांच्याकडे कुठल्या यंत्राची की कुठे आहे याची नोंद होती ते लवकर उठले. उमेदवाराला विचारा, तुमच्या आधीच्या ठिकाणी ही नोंद कुठे होती? आणि ती नोंद ज्या सर्व्हरवर होती तोच बंद पडला तर?

नियमाचंही सांगून ठेवते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवायची असतात. कंपन्यांना हे लागू आहे, फक्त आयटीवाल्यांना नाही. तुमच्या फायरवॉलमध्ये किती दिवसांचे लॉग राहतात ते बघा. बऱ्याच छोट्या फायरवॉलमध्ये फारसे राहतच नाहीत, बाहेर साठवायला जागा लागते.

तीनची_पाळी

मशीन शॉपमधल्या सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनींचं) पण विचारा. काही मशिनींवर अजून जुनी विंडोज असते, मशीनवाली कंपनी अपडेट करू देत नाही. विंडोज १०चीसुद्धा मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. सात-आठच्या खालची तर विचारूच नका.

पॅचकॉर्ड

बरोबर. अशा मशिनी बदलता येत नाहीत, मग त्यांना वेगळ्या व्हीलॅनमध्ये कोंडायचं. त्यांना इंटरनेट नाही, ऑफिसचे कॉम्प्युटर दिसत नाहीत, प्रोग्राम पाठवणाऱ्या एकाच यंत्राशी बोलणं. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तो अशाच न अपडेट केलेल्या यंत्रांतून. त्यावरचं पॅच मार्चमध्येच आलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये नॉटपेट्या या व्हायरसमुळे आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल अडकलं, कंटेनर खोळंबले. हल्ला दुसऱ्याच देशावर रोखलेला होता.

उमेदवाराला सांगा, कागद घ्या आणि या मशिनी कशा वेगळ्या कराल ते काढून दाखवा. चौकोन आणि रेघा पुरे. काढता-काढता तो विचारेल, "मशीनवाल्या कंपनीचा इंजिनियर बाहेरून कनेक्ट करतो का?" विचारलं नाही तर तुम्ही सांगा, आणि मग तो रेघ कुठे खोडतो ते बघा.

अण्णा_७०

पण समोर बसणारे आम्ही. मला किंवा या अकाउंट्सवाल्या साहेबांना त्याने कागदावर काय काढलं ते कळणार कसं? तो चौकोन काढून गंडवेल.

लीड्सचा_पाऊस

रास्त शंका. एखाद्या जाणकाराला दोन तासांसाठी पैसे देऊन पॅनलवर बसवा, व्हिडिओ कॉलवरसुद्धा चालेल. फक्त तो तुमचा एएमसीवाला नको, सामान विकणारा नको.

आणि तुमच्यासाठी एक प्रश्न, ज्याला आयटी कळायला नको. सांगा : "आत्ता झालेला प्रकार गेटवरच्या वॉचमनला समजेल असं सांगा." सपोर्टचं निम्मं काम हेच आहे. ज्याला सांगता येत नाही त्याला बहुतेक वेळा समजलेलंही नसतं, आणि जो वॉचमनला तुच्छ लेखून बोलतो त्याच्याकडे लोक तक्रार घेऊन जायचं टाळतात. मग असे घरचे राउटर निघतात.

निळीशाई

आधीच्या ठिकाणी फोन करून चौकशी कराल तेव्हा "कसा होता" असं विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. "तो गेल्यावर नेटवर्कचं सगळं लिहिलेलं सापडलं का?" असं विचारा.

गावठी_पिंग

@निळीशाई, ओ, हे जरा अवघड आहे. आम्ही लिहून ठेवतो, पण त्यांना सापडत नाही. 😀

शिरोली_नाका

मंडळी, कालचा रविवार मालकांबरोबर याच धाग्यावर गेला. नवीन मसुदा :

"पाहिजे : आयटी सपोर्ट व नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चर अ‍ॅनालिस्ट. फाउंड्री (शिरोली) व मशीन शॉप (कागल), सुमारे ९० कॉम्प्युटर. स्विच, व्हीलॅन, फायरवॉल, विंडोज सर्व्हर व बॅकअप ही कामे स्वतःच्या हाताने केल्याचा ५ वर्षांचा अनुभव. सीसीएनए असल्यास प्राधान्य. पहिल्या तीन महिन्यांत : दोन्ही जागांचा नेटवर्क नकाशा, सर्व पासवर्ड व डोमेन कंपनीच्या ताब्यात, दोन इंटरनेट लाइन आपोआप बदलणे, बॅकअपची एक प्रत कागलला व परत उतरवण्याची चाचणी, ऑडिटसाठी सायबर आपत्कालीन योजना. रोजच्या तक्रारींसाठी हाताखाली एक ज्युनियर. सीसीटीव्ही, इंटरकॉम व प्रिंटरसाठी एएमसी, देखरेख आपली. शेडमध्ये व उंचीवर काम. ठरलेल्या कारणांसाठीच रात्री फोन, त्याचा वेगळा भत्ता, यावे लागल्यास कंपनीची गाडी. बाँड नाही. पगार ४५ ते ५५ हजार, अनुभवानुसार."

पगाराला मालक आधी तयार नव्हते. मग गेटवर उभ्या राहिलेल्या गाड्यांचं डिटेन्शन (खोळंब्याचे पैसे) आणि गिऱ्हाइकाने लावलेला उशिराचा दंड, दोन्ही बिलं काढून समोर ठेवली. ज्युनियरची जागा मात्र सहा महिन्यांनी भरू म्हणाले.

कोल्ड_आयल

छान झालंय. पण ज्युनियर सहा महिन्यांनी, तर "हाताखाली एक ज्युनियर" असं आज लिहू नका. तो माणूस पहिल्याच दिवशी विचारील, कुठे आहे? आणि तोवर टोनर बदलत बसला की तीन महिन्यांची यादी तशीच राहील. उलट करा, ज्युनियर आधी घ्या. तो लवकर मिळतो, आणि मोठ्या माणसाची नोटीस संपेपर्यंत पॅचकॉर्ड यांची वही त्याच्याकडून लिहून घ्या.

पॅचकॉर्ड

+१. आणि दोन आठवड्यांची रजा सलग घेता येईल असं लिहा. सलग रजेवर गेल्याशिवाय सगळं एकाच डोक्यात आहे की कागदावर, ते कळत नाही.

शिरोली_नाका

ज्युनियरचं आजच मालकांशी बोललो. पुढच्या सोमवारपासून मुलाखती घेऊ म्हणाले. रजेची ओळ टाकली. @लीड्सचा_पाऊस, त्या दोन तासांच्या पॅनलसाठी तुम्ही बसाल का? तुमच्याकडची दुपार आणि इकडची संध्याकाळ जुळेल असं वाटतं. मानधनाचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

लीड्सचा_पाऊस

बसतो. मानधन नको, पुढच्या खेपेला सांगलीला आलो की फाउंड्री दाखवा. मुलाखतीच्या आधी त्या मुलाकडून फायरवॉलचा पासवर्ड तेवढा घेऊन बदलून ठेवा.

गावठी_पिंग

ज्युनियरची जाहिरात कुठे लावणार? माझा धाकटा भाऊ बीसीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रिंटरला घाबरत नाही.